गुरुवारची नोंद

"थांबा! अहो थांबा... आधी नट लावा!"

रेवती परब एवढ्या जोरात ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. दहिसरच्या या सोसायटीत राहायला येऊन चार वर्षं झाली होती, पण पार्किंगमध्ये ती कुणाशी दोन वाक्यांपलीकडे बोलली नव्हती. आणि ओरडली ती कुणावर? तर ज्याला आजवर पाहिलंही नव्हतं अशा मुलावर!

बी विंगच्या खांबापाशी तो उकिडवा बसला होता. जुनी मोटरसायकल डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी, आणि चाकाच्या मधोमध आरपार गेलेल्या दांड्याच्या, म्हणजे एक्सलच्या, टोकावर तो हातोडी घालत होता. थेट आट्यांवर.

"कुठला नट?" त्याने हातोडी हवेतच धरून विचारलं.

"तुम्ही काढून खिशात टाकलात तो. तो टोकाच्या बरोबरीने फिरवून ठेवायचा आणि मग ठोकायचं. नाहीतर आटे चेपतात. मग एक्सल निघाला तरी नट परत बसायचा नाही."

त्याने खिशात हात घातला. नट निघाला.

"हा खिशात आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

"खिशाला ग्रीसचा डाग पडलाय. सहा कोनांचा."

त्याने खाली वाकून स्वतःचा खिसा पाहिला आणि हसला. हसताना त्याची डावी भुवई उजवीच्या आधी वर जात होती — रेवतीने हे टिपून ठेवलं. सवयच होती तिला. अंधेरीच्या ज्या लॅबमध्ये ती काम करायची, तिथे रंग दिलेले लोखंडी पत्रे मिठाच्या धुक्यात ठेवून कुणाला किती गंज चढतो ते मोजायचं असायचं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती गेली दोन वर्षं दिवसभर गंज बघत होती. भुवया बघायची वेळ क्वचितच यायची.

"मी अनय. सहाव्या मजल्यावर. गेल्याच महिन्यात आलोय." तो कपाळ पुसत म्हणाला, आणि कपाळ आणखी काळं झालं. "टायरवाला म्हणतो, चाक काढून आण. चाक काढायचं तर एक्सल निघाला पाहिजे. तो हलत नाही. हायवेवरच्या मेकॅनिकने तासभर ठोकून सांगितलं, 'भाई, ये नहीं निकलेगा, कापना पड़ेगा.' आणि रविवारी मला ही गाडी घेऊन केळव्याला जायचंय."

"कापू नका." ती बॅग खांबाला टेकवून कधी खाली बसली, तिलाही कळलं नाही. एक्सलच्या कडेला तांबूस पावडर साचली होती. तिने नखाने ती खरवडली. "गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. बेअरिंगच्या आतली जागा आहे तेवढीच, त्यात हा फुगत गेला. नुसतं ठोकून नाही निघायचा. तेल मुरवायचं, वाट बघायची, मग पान्याने फिरवायचा. एकदा फिरला की निघाला."

"किती वाट बघायची?"

"तीन-चार दिवस. रोज संध्याकाळी."

"रोज... तुम्ही याल?"

रेवतीने घड्याळाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथेच होतं. "सात वाजता," ती म्हणाली.

मंगळवारी ती आली तेव्हा बाटलीत अर्धं अ‍ॅसिटोन, अर्धं गिअरचं तेल होतं, हातात पांढरा पेंट मार्कर होता आणि काखेत वही. एक्सलचं डोकं आणि त्याला धरणारा मागचा चिमटा, दोन्हींवरून मिळून तिने एक सरळ पांढरी रेघ मारली.

"हे कशाला?"

"एक्सल केसभर जरी फिरला तरी रेघ तुटेल. मग अंदाज नको, वाद नको."

वहीत तिने रकाने आखले. वार, वेळ, तेल, हालचाल, शेरा. सोमवार — शून्य. मंगळवार — शून्य. अनय मान तिरकी करून बघत राहिला.

"यात चूक झाली तर? खोडरबर?"

"छे! खोडायचं नाही काहीच. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी तारीख, सही आणि चुकीचं कारण. लॅबचा नियम आहे."

"बाप रे! माझं आयुष्य या वहीत लिहिलं तर रेघाच रेघा होतील."

"तुमचं आयुष्य लिहायला ही वही लहान आहे. शंभर पानीच आहे."

"'तुमचं' नको गं," तो म्हणाला. "हातभर तेल लागलेलं असताना 'तुम्ही' फार जड वाटतं."

त्याच्याकडेही एक यंत्र होतं. गोरेगावच्या स्टुडिओत तो आवाज टिपणाऱ्यांचा सहायक होता. चाकापाशी त्याने एक छोटा रेकॉर्डर ठेवला होता, वर केसाळ टोपी घातलेला. बसल्या मांजरासारखा दिसायचा तो.

"मालिकांमध्ये गॅरेज दाखवतात ना, तिथे आम्ही खोटे आवाज घालतो. हे खरे मिळतायत तर घेऊन ठेवतो. तू विसरून जा ते मांजर."

आणि रेवती खरंच विसरून गेली. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथेच होतं.

त्या संध्याकाळी पावसाची सर येऊन गेली होती. वरच्या मजल्यांवरचं पाणी पाइपातून पार्किंगच्या कडेला गळत होतं. पाना धरताना दोघांचे हात एकमेकांना लागले, तेलकट असल्यामुळे निसटले, पुन्हा लागले... सगळं कसं झकास चाललं होतं. मग रेवतीचं लक्ष टाकीवरच्या स्टिकरकडे गेलं.

वळणदार, सोनेरी अक्षरं. ऋतिका.

"हे काय?"

"अगं, हिची आधीची मालकीण. आमच्या सेटवर असते. मारामारीच्या सीनमध्ये हिरोइनच्या जागी उड्या मारते ना, ती. जबरदस्त मुलगी! दुसऱ्या मजल्यावरून उडी टाकते आणि उठून वडापाव खाते. मोठी गाडी घेतली तिने, म्हणून ही मला दिली. रविवारची राइडही तिचीच."

"स्टिकर काढला नाहीस?"

"निघतो कुठे! चिकटवलाय असा..."

ब्रेकच्या दांडीवर केसांचं एक जांभळं रबर गुंडाळलेलं होतं. रेवतीने ते बोटाने उचललं. "हे तरी निघेल."

"राहू दे गं, तिचं आहे," तो सहज म्हणाला.

सहजच म्हणाला होता तो. पण रेवतीच्या छातीत काहीतरी खरवडलं गेलं. तिने पाना उचलला. "तुझी ऋतिका ही गाडी समुद्रावर न्यायची का?"

"मढला राहते ती. वाळूवरून चालवायची म्हणे, लाटांतून पण..."

"तरीच," रेवती म्हणाली. त्या एका शब्दात तिने दोन वर्षांचं ज्ञान आणि पाच मिनिटांचा राग भरला. "खारं पाणी. गाडी वापरायची अक्कल नाही आणि म्हणे जबरदस्त!"

घरी गेल्यावर आईने, वनमालाबाईंनी, पोळी वाढता वाढता तिच्या बोटांकडे पाहिलं. "काय गो, लॅबात आता गाडये दुरुस्त करतंस काय? नखात काळा कसला तां?"

"प्रयोग चाललाय."

"होय? मगे लाजतंस कित्याक?"

बुधवारी एक्सल हलला नाही. वहीत शून्य पडलं. पण त्या दिवसात ऋतिकाचं नाव सात वेळा आलं. रेवतीने ते मोजलं. ऋतिका म्हणाली, ऋतिकाने दाखवलं, ऋतिकाचं हेल्मेट. ऋतिका त्याला 'अनू' म्हणते हेही कळलं. अनू! रेवतीला वाटलं, असं नाव मांजराला ठेवतात. रविवारपर्यंत एक्सल निघाला नाही तर हा केळव्याला जाणार नाही, हा विचार त्याच वेळी पहिल्यांदा तिच्या मनात आला. तिने तो लगेच झटकला. तो काही फार लांब गेला नाही.

गुरुवारी दोघं कामाला लागून दहा मिनिटं झाली असतील, तेवढ्यात अनयचा फोन वाजला. जमिनीवर ठेवलेल्या फोनच्या पडद्यावर नाव उजळलं. तेच.

"एक मिनिट हं, ऋतिका आहे..." तो उठून पार पलीकडच्या खांबापर्यंत गेला. कशासाठी एवढं लांब जायचं? तिथून त्याचं हसणं ऐकू आलं. मोठ्याने, मनापासून. रेवतीशी बोलताना तो असं हसला होता का? एकदा. नटाच्या वेळी. आणि तेही निम्मंच.

रेवतीने पान्याच्या दांड्यावर पाइपाचा तुकडा चढवला. "वाळूवरून चालवायची म्हणे," ती पुटपुटली आणि सगळं वजन टाकलं. "लाटांतून म्हणे." पुन्हा वजन. "अनू म्हणे!"

कट्.

सुपारी फुटावी तसा आवाज. पाना बोटभर खाली आला. रेवतीने वाकून पाहिलं. रेघ तुटली होती. एक्सलवरचा अर्धा भाग चिमट्यावरच्या अर्ध्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा सरकला होता.

फिरला! एरवी ती नाचली असती. पण पलीकडे तो अजून हसत होता, आणि तिला लख्ख दिसलं — आज फिरला म्हणजे उद्या निघणार, परवा टायर बसणार, रविवारी पहाटे तो त्या मुलीच्या मागोमाग केळव्याला जाणार. आणि सोमवारी सात वाजता इथे खाली बसायला कुणालाच काही कारण उरणार नाही.

तिने पाना उलट्या बाजूला धरला आणि हळूच मागे आणला. रेघ पुन्हा जुळली. इतकी बिनचूक, की लॅबमध्ये शाबासकी मिळाली असती.

"आत्ता नको रे," ती एक्सलवर बोट ठेवून कुजबुजली. "सोमवारी फिर. ऐकशील ना माझं? शहाणा ना तू?"

अनय परत आला. "काही हालचाल?"

"शून्य," रेवती म्हणाली. तिने वही उघडली आणि तसं लिहिलंही. आयुष्यात पहिल्यांदा तिने रीडिंग खोटं लिहिलं होतं. अक्षर मात्र नेहमीसारखंच नीटनेटकं आलं, याचीच तिला जास्त लाज वाटली.

"ऋतिका म्हणते, शनिवारपर्यंत निघाला नाही तर ती टेंपो घेऊन येईल. जोगेश्वरीला तिच्या ओळखीचं गॅरेज आहे. ग्राइंडरने कापतील."

झाली ना गंमत? लपवलं ते त्या मुलीला लांब ठेवायला, आणि त्यापायीच ती इथे येणार!

शुक्रवारी रेवती खाली गेलीच नाही. लॅबमध्ये उशीर झाला, असा निरोप पाठवला. खरं तर सव्वासहालाच ती घरी होती. खिडकीतून खाली बघत बसली. सात वाजता अनय आला, गाडीपाशी बसला. एक्सलला हातसुद्धा लावला नाही त्याने. नुसता बसला होता. मग कुणाशी तरी फोनवर बोलला, आणि या वेळी हसला नाही.

शनिवारी अकरा वाजता गेटमधून टेंपो आत आला. पुढच्या सीटवरून एक मुलगी उडी मारून उतरली. उंच, उन्हाने रापलेली, दंडावर जुन्या खरचटण्याचे व्रण. रेवतीने ठरवलं होतं की ही दिसायला काही खास नसणार. ती खासच होती, आणि त्याहून वाईट म्हणजे वागायला चांगली होती.

"तू रेवती ना? याने डोकं खाल्लंय माझं! रेवती म्हणाली, रेवतीने रेघ मारली, रेवतीची वही... मी म्हटलं बघावं तरी."

"टेंपोत चढवू या. पण आधी एकदा मीच जोर लावून बघते," ऋतिका म्हणाली आणि तिने पाना उचलला. पाइप चढवला. पाय रोवले. दोन सेकंदांत एक्सल गरकन फिरणार होता. अनय म्हणणार होता, वा! आणि चार दिवसांचं तेल, ती रेघ, ते सगळे शून्य, सगळं त्या एका गिरकीत त्या मुलीच्या नावावर लागणार होतं. किंवा मग कुणीतरी विचारणार होतं, हा इतका सैल कसा?

"थांबा!" रेवती ओरडली. चार वर्षांत दुसऱ्यांदा. "फिरतोय तो."

"काय?"

"गुरुवारपासून फिरतोय. मी परत जागेवर आणून ठेवला. आणि वहीत खोटं लिहिलं."

ऋतिकाने पाना खाली ठेवला. "का गं?"

रेवतीचे कान गरम झाले. पायाखालच्या फरशीवर तेलाचा डाग होता. ती त्याचा घेर मनातल्या मनात मोजू लागली. वर बघायची छाती नव्हती. अनय चिडेल, किंवा हसेल...

ऋतिकाच बोलली, आणि ती रेवतीशी बोलत नव्हती. "अनू. तुझा चेहरा असा काय? तुलाही माहीत होतं!"

"शुक्रवारी सकाळी कळलं," अनय म्हणाला.

"म्हणून काल मला फोन करून सांगत होतास, येऊ नकोस, घाई नाही, केळव्याला मी नाही आलो तरी चालेल? चार दिवस रडत होतास गाडीसाठी! मला वाटलं, ताप आलाय याला." ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठेतरी गेलं, आणि मग परत आलं. "अच्छा. असं आहे होय? चला, काढा तो एक्सल आधी. टेंपो उभाय."

तिघं बसले. ऋतिकाने चाक तोलून धरलं, रेवतीने पान्याने एक्सल डावीकडे-उजवीकडे फिरवला, अनय नटावर हळू हळू ठोकत राहिला. एक्सल आत गेला, रेवतीने नट काढला, मग पितळी दांड्याने आणखी पुढे सरकवला. कुरकुरत, तांबडी पूड सांडत तो बाहेर आला. दोन्ही टोकं चकचकीत, आणि मधोमध गंजाचं जाड, काळपट कडं.

"एवढंसं?" ऋतिका म्हणाली. "एवढ्याशाने धरून ठेवलं होतं?"

चाक तिने एकटीने उचलून टेंपोत टाकलं. "टायर मी बसवून आणते. तासभर लागेल. दोन तास लावते." जाता जाता तिने ब्रेकच्या दांडीवरचं जांभळं रबर ओढून काढलं आणि केस बांधले. "हे मात्र माझं हं." मग रेवतीकडे बघून म्हणाली, "स्टिकर तू काढ. काढशील तू. तुला जमेल."

टेंपो गेला. पाइपातून पाणी गळत होतं.

"तुला कसं कळलं?" रेवतीने विचारलं.

अनयने त्या केसाळ मांजराकडे बोट दाखवलं. रेवती त्याच्याकडे बघत राहिली. "ते... चालू होतं?"

"रोजच चालू असतं. तू विसरलीस." त्याने बटण दाबलं. आधी लांबून त्याचं हसणं, मग जवळून तिचं धापा टाकणं. वाळूवरून चालवायची म्हणे. लाटांतून म्हणे. अनू म्हणे! कट्.

"बंद कर!"

"थांब, पुढचं महत्त्वाचं आहे."

आत्ता नको रे. सोमवारी फिर. ऐकशील ना माझं? शहाणा ना तू?

रेवतीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हाताला तेल आहे हे उशिरा लक्षात आलं. "वाट लागली माझी," ती बोटांमागून म्हणाली.

"नोंद दुरुस्त करायची ना?" अनयने वही तिच्यापुढे धरली. "नियम आहे."

तिने गुरुवारच्या शून्यावर एक रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं — हालचाल, दोन मिलिमीटर. तारीख. सही. मग पेन थांबलं. कारण लिहायचं राहिलं होतं. पाइपातून बरंच पाणी गळून गेलं. शेवटी तिने बारीक अक्षरात लिहिलं, 'नोंद करणाऱ्या व्यक्तीला मत्सर वाटत होता.' आणि वही झटकन त्याच्या मांडीवर ठेवली.

अनयने ते दोनदा वाचलं. मग तिच्या हातातून पेन घेऊन खाली लिहिलं, 'साक्षीदाराला माहीत होतं. बोलला नाही. कारण तेच.' सही ठोकली.

"कारण तेच?" रेवतीने वही ओढून घेतली. "तुला कसला मत्सर? कुणाचा?"

"त्याचा." अनयने फडक्यावर ठेवलेल्या एक्सलकडे हनुवटीने खूण केली.

"एक्सलचा?"

"मग काय तर! चार दिवस माझ्याशी बोलतेस ते... आटे, गंज, मिलिमीटर. आणि मी फोन घ्यायला गेलो की त्याच्याशी? त्या आवाजात?" त्याची डावी भुवई वर जायला लागली होती. "मी आवाजांचं काम करतो रेवती. एकच टेक किती वेळा ऐकला ते विचार. त्या आवाजात तू माझ्याशी एकदाही बोलली नाहीस."

रेवतीने त्याच्याकडे पाहिलं. कपाळावर सोमवारसारखाच काळा पट्टा. खिशाला सहा कोनांचा डाग, धुवूनही न गेलेला. तिने हात लांब केला, केसाळ टोपीखालचं बटण शोधून रेकॉर्डर बंद केला, आणि बंद झाल्याचं दोनदा तपासलं.

मग ती त्याच्या कानापाशी झुकली.

"सोमवारी सात वाजता ये," ती कुजबुजली. "ऐकशील ना माझं? शहाणा ना तू?"